पडद्यामागचा रंगारी

रंगांविषयी रेडिओवर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा आधी हसूच आलं. विषय दाखवण्याचा आणि दाखवायची सोय नाही. पण मग लक्षात आलं, आम्ही कवी मंडळी जन्मभर हेच तर करत आलो. ‘हिरवागार’ असं लिहितो आणि तो हिरवा वाचणाऱ्याच्या पदरात टाकून मोकळे होतो. त्याच्या डोळ्यांपुढे पोपटाचा हिरवा आला की शेवाळाचा, याची चौकशी करत नाही. सिनेमावाल्यांना ही चैन परवडत नाही. त्यांना नेमका हिरवा ठरवावा लागतो, आणि तो ठरवणारा एक माणूस असतो. त्याच्या कामाला कलर ग्रेडिंग म्हणतात आणि त्याला कलरिस्ट. मी आपला त्याला रंगारी म्हणतो. कापड विणून झालं की रंगाऱ्याकडे जातं, तसा सिनेमा कापून-जोडून झाला की याच्याकडे येतो.

माझं शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. प्रकाश, भिंग, तरंगलांबी यांच्याशी दहावीनंतर संबंध राहिला नाही. तेव्हा मी जे सांगणार आहे ते शेजारी बसून, विचारून विचारून शिकलेलं आहे. का शिकलो, ते पुढे सांगेनच.

लहानपणी आमच्या गावात जत्रेला तंबू यायचा. त्यात जुने हिंदी चित्रपट लागायचे. त्यातले बरेचसे मला गुलाबी आठवतात. आभाळ गुलाबी, झाडं तपकिरी-गुलाबी, नायकाची पांढरी पँटसुद्धा गुलाबी. मला वाटायचं, सिनेमातलं जग तसंच असतं, म्हणून तर ते सिनेमातलं! पुष्कळ वर्षांनी कळलं की तो निव्वळ म्हातारपणाचा रंग होता. रंगीत फिल्मच्या प्रिंटमध्ये तीन रंगद्रव्यांचे थर असतात. एक पिवळा, एक किरमिजी आणि एक निळसर हिरवा, ज्याला सायन म्हणतात. त्या काळच्या ईस्टमन कलर प्रिंटमधला सायन सगळ्यांत आधी उडायचा. तो गेला की उरतो तांबूसपणा. खूप फिरलेल्या, खूप ठिकाणी ठेवलेल्या जुन्या प्रिंटा शेवटी आमच्या तंबूत येत. दिग्दर्शकाने योजलेलं निळं आभाळ वाटेतच कुठे तरी सांडलेलं असे, आणि आम्ही उरलेल्या रंगांवर खूश होतो.

आता मुळात हा रंगारी लागतो कशाला? कॅमेऱ्याने टिपलं ते आहे तसं दाखवावं की! इथेच मोठी गंमत आहे. आपला डोळा, खरं म्हणजे डोळ्यामागचा मेंदू, सतत ग्रेडिंग करत असतो. तुम्ही पांढरा सदरा घालून उन्हात उभे राहा, मग घरात येऊन पिवळ्या बल्बखाली उभे राहा. सदरा दोन्हीकडे पांढराच दिसेल. प्रत्यक्षात बल्बच्या उजेडात तो बऱ्यापैकी नारिंगी झालेला असतो. उजेडाचा रंग केल्विन या मापात मोजतात. घरगुती जुन्या बल्बचा सुमारे 2800, दुपारच्या उन्हाचा 5500च्या आसपास. हा एवढा फरक मेंदू परस्पर वजा करून टाकतो आणि आपल्याला पत्ताही लागू देत नाही. कॅमेरा असला समजूतदारपणा दाखवत नाही. त्यातून एकाच प्रसंगाचं चित्रीकरण सकाळी दहाला सुरू होतं आणि दुपारी चारला संपतं. मधे ढग येतो, ऊन कलतं. पडद्यावर मात्र तो प्रसंग दोन मिनिटांचा असतो. नायिका बोलते ते दहाच्या उन्हात आणि नायक उत्तर देतो ते चारच्या. शॉट नुसते एकापुढे एक ठेवले तर चेहऱ्यांचे रंग दर सेकंदाला उड्या मारतील. ते एका सुरात आणणं हे रंगाऱ्याचं पहिलं काम. तंबोरा लावण्यासारखं आहे हे. नीट झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही.

फिल्मच्या जमान्यात हे काम लॅबोरेटरीत होत असे. तिथल्या माणसाला ग्रेडर म्हणत, अमेरिकेत टायमर. निगेटिव्हमधून उजेड सोडून कोऱ्या फिल्मवर प्रिंट काढायची, तर त्या उजेडाचे तीन भाग करायचे. लाल, हिरवा आणि निळा. प्रत्येकाला 0 ते 50 असे आकडे. मध्यावर 25. ग्रेडर एकेक शॉट पाहून तीन आकडे ठरवणार, ते आकडे भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर चढणार आणि प्रिंटर त्याप्रमाणे शॉट बदलताच दिवे कमीजास्त करणार. यातही उलटा हिशेब. निगेटिव्हमधून लाल उजेड वाढवला की प्रिंटमधला लाल कमी होतो! चांगल्या ग्रेडरला हे उलटं गणित श्वासासारखं अंगवळणी पडलेलं असे. पहिली प्रिंट निघाली की तो आणि छायाचित्रणकार अंधारात शेजारी बसून ती पाहत. ‘इथे दोन पॉइंट लाल कमी कर’, ‘तिथे एक पॉइंट गडद’. मग दुसरी प्रिंट. मग तिसरी.

पण एक मर्यादा होती. जे करायचं ते सगळ्या चौकटीला एकदम. साडीचा लाल तेवढा गडद करायचा आणि मागच्या भिंतीला हात लावायचा नाही, हे लॅबमध्ये होत नसे. वरणाला मीठ घालावं तसं. एका वाटीपुरतं घालता येत नाही, सगळ्या पातेल्याला लागतं.

आपल्याकडे रंगाचा ध्यास जुना आहे. प्रभातचा ‘सैरंध्री’ 1933 सालचा. तो रंगीत करण्यासाठी व्ही. शांताराम थेट जर्मनीला गेले. रंग मनासारखे उतरले नाहीत. भारतातच रंगीत प्रक्रिया झालेला पहिला चित्रपट म्हणून मान मिळाला तो आर्देशीर इराणींच्या ‘किसान कन्या’ला, 1937 साली. या दोन तारखांमध्ये किती खटपट, किती खर्च आणि किती मनस्ताप असेल याचा विचार केला म्हणजे आज कुणी मोबाइलवर बोट फिरवून फोटोचे रंग बदलतो ते पाहताना मला जरा गुदमरायला होतं.

इथे एक घोटाळा टाळू या. ‘मुघल-ए-आझम’ 1960 साली आला तेव्हा काही भाग सोडता कृष्णधवल होता आणि 2004 साली तो संपूर्ण रंगीत होऊन पुन्हा लागला. पुष्कळांना हेच ग्रेडिंग वाटतं. नाही. तिथे चित्रात नसलेला रंग संगणकावर बाहेरून चढवला गेला. ग्रेडिंगमध्ये रंग मुळात टिपलेला असतो. त्याला फक्त वळण लावायचं असतं. अर्थात वळण किती लावायचं, याला मर्यादा राहिलेली नाही.

ती मर्यादा कुठे तुटली हे नेमकं सांगता येतं. कोएन बंधूंचा ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ हा चित्रपट, साल 2000. कथा 1937 सालच्या मिसिसिपीतली. धूळ, दुष्काळ, तुरुंगातून पळालेले तीन कैदी. दिग्दर्शकांना जुन्या, हाताने रंगवलेल्या पोस्टकार्डासारखं सुकलेलं, पिवळट जग हवं होतं. चित्रीकरण झालं भर उन्हाळ्यात, आणि तिथला उन्हाळा आपल्यासारखा रखरखीत नसतो, हिरवाकंच असतो. छायाचित्रणकार रॉजर डीकिन्स यांनी आधी लॅबमधल्या रासायनिक युक्त्या करून पाहिल्या. जमेना, कारण हिरवा मारावा तर चेहरेही मरतात. पातेल्यातलं मीठ! शेवटी संपूर्ण निगेटिव्ह स्कॅन करून संगणकात घेतलं आणि तिथे हिरवा तेवढा निवडून त्याचा वाळलेल्या गवताचा पिवळा केला. त्यावर डीकिन्स 11 आठवडे बसले होते. मग ते पुन्हा फिल्मवर उतरवलं. हॉलिवूडमध्ये अख्खा चित्रपट असा रंगवण्याची ही सुरुवात मानतात. झाडांच्या पानापानातला पावसाळा काढून घेतला आणि प्रेक्षकांना त्याची खबर नाही. मला हे वाचून आधी टाळी वाजवावीशी वाटली, आणि दुसऱ्या क्षणी थोडी भीती वाटली.

त्यानंतर चित्र झपाट्याने पालटलं. कोडॅकने जानेवारी 2012मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. फुजीने 2013मध्ये सिनेमाची चित्रीकरणाची फिल्म बनवणं थांबवलं. आज बहुतेक चित्रीकरण डिजिटल आहे. चांगले कॅमेरे तर मुद्दाम फिकट, राखाडी, मरगळलेलं चित्र टिपतात. पाहणाऱ्याला वाटावं, बिघडलंय. पण त्या फिकेपणातच सगळं साठवलेलं असतं. अंधारातला तपशील, खिडकीबाहेरचं ऊन, सगळं. भिजवलेल्या कणकेसारखं. तिची पोळी करायची की पुरी, ते नंतर ठरतं. आणि पूर्वी ज्या यंत्रांची किंमत ऐकून छाती दडपायची, त्यातल्या दा विंचीचं एक सॉफ्टवेअर 2011पासून फुकट मिळू लागलं. तालुक्याच्या गावी लग्नाचे व्हिडिओ करणारी पोरंसुद्धा ते वापरतात.

रंगाऱ्याची खोली मात्र पाहण्यासारखी असते. भिंती राखाडी. उजेड मंद, तोही ठरावीक रंगाचा आणि पडद्याच्या मागून. कारण भिंत पिवळी असेल तर डोळा तिला सरावतो आणि हात चुकतो. काही कलरिस्ट भडक सदरासुद्धा घालत नाहीत. समोर तीन गोळे असतात, हाताच्या पंजाखाली फिरणारे. एक चित्रातल्या अंधाराचा, एक मधल्या उजेडाचा, एक लखलखत्या भागाचा. अंधारात थोडा निळा मिसळला की थंडी वाजते. उजेडात थोडं केशर टाकलं की संध्याकाळ होते. शेजारी एका पडद्यावर वर्तुळ असतं, त्याला व्हेक्टरस्कोप म्हणतात. चित्रातला प्रत्येक रंग तिथे ठिपका होऊन आपापल्या दिशेला जाऊन बसतो. तांबड्याची दिशा वेगळी, निळ्याची वेगळी.

या वर्तुळाने मला जे शिकवलं ते कुठल्याच पुस्तकाने शिकवलं नव्हतं. त्यावर तांबडा आणि पिवळा यांच्या मधे एक तिरकी रेघ आखलेली असते. माणसाच्या त्वचेची रेघ. गोरा असो, सावळा असो की काळाकुळकुळीत, साध्या पांढऱ्या उजेडात माणसाच्या कातडीचे ठिपके या रेघेच्या आसपासच बसतात. फरक पडतो तो उजळपणात आणि गडदपणात. दिशा साधारण तीच. कातडीखालचं रक्त सगळ्यांचं तांबडं, त्यावरचं रंगद्रव्य सगळ्यांचं तपकिरी, कमी किंवा जास्त. आम्ही कवी या विषयावर किती शाई खर्च करतो, आणि तिथे एक रेघ आखून काम भागलेलं!

म्हणून या धंद्यात अन्याय झाला नाही असं मात्र नाही. फिल्मच्या रिळाच्या टोकाला लॅबच्या सोयीसाठी एका बाईचा चेहरा आणि शेजारी रंगांच्या पट्ट्या अशा काही चौकटी जोडत. प्रेक्षकांना त्या दिसत नसत. तो चेहरा बरोबर दिसला की प्रिंट बरोबर. पाश्चात्त्य लॅबमध्ये तो चेहरा जवळजवळ नेहमी गोऱ्या बाईचा असे. फोटोंच्या छपाईसाठी कोडॅकचं कार्ड होतं, त्यावरही तशीच. काळ्या माणसांचे चेहरे फोटोत डांबरासारखे येत. फिल्म सुधारण्यासाठी जोर लावला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांनी, कारण त्यांच्या मालाचे तपकिरी रंग जाहिरातीत नीट येत नव्हते. हे कोडॅकमध्ये काम केलेल्या लोकांनीच नंतर सांगितलंय. माणसांची तक्रार पोहोचायला वेळ लागला, चॉकलेटची लवकर पोहोचली. त्या पार्श्वभूमीवर ‘मूनलाइट’ हा 2016चा अमेरिकन चित्रपट पाहावा. काळ्या मुलाच्या आयुष्याचे तीन टप्पे. कलरिस्ट अ‍ॅलेक्स बिकेल यांनी तिन्ही टप्प्यांना तीन निरनिराळ्या जुन्या फिल्मचा स्वभाव दिला, पण काळ्या कातडीला उजळून सपाट केलं नाही. तिच्यावरचं पाणी, तिची चमक तशीच ठेवली. आपल्याकडे अजून कित्येकदा उलटंच चालतं. नायिकेचा चेहरा ‘जरा उचल’, असं रंगाऱ्याला सांगतात. उचल म्हणजे गोरा कर.

आणखी एक खोड आहे. स्टीव्हन सोडरबर्ग यांच्या ‘ट्रॅफिक’मध्ये, तोही 2000चाच, अमेरिकेतला एक भाग थंड निळा आहे आणि मेक्सिकोचा भाग तंबाखूच्या रंगाचा, तापलेला पिवळा. तीन कथा एकमेकींत गुंफलेल्या, तेव्हा प्रेक्षकाला आपण कुठे आहोत हे पटकन कळावं म्हणून केलेली ती सोय होती, आणि त्या चित्रपटात ती शोभलीही. पण नंतर तिची रूढी झाली. गरीब देश दाखवायचा म्हटलं की पिवळा ओता. मेक्सिको असो, अरबस्तान असो की हिंदुस्थान. आभाळ निळं असायला जणू तिथे परवानगी नाही. हीच रूढी पुढे आपल्याकडच्या हौशी पोरांच्या हातात आली आणि एके दिवशी माझ्या घरात शिरली.

आता ते सांगतो.

माझी अम्मा वाकळी शिवायची. घरातले जुने कपडे फाडून, तुकडे जुळवून. 2013 साली काही तरुण मुलं गावोगावच्या वाकळींवर माहितीपट करायला आमच्याकडे आली. गुणी मुलं. दोन दिवस राहिली, अम्माच्या हातची भाकरी खाल्ली. साध्या फोटोच्या कॅमेऱ्यावर त्यांनी चित्रीकरण केलं. अम्मा अंगणात बसून टाके घालत होती आणि एकेका तुकड्याची ओळख करून देत होती. हा खाकी तुझ्या अब्बांच्या कंडक्टरच्या ड्रेसचा. हा निळा आपाच्या शाळेच्या परकराचा. हा पांढरा अब्बांच्या ईदच्या कुर्त्याचा, एकदाच घातला आणि उसवला. हा अंजिरी लुगड्याचा, हे मला शेजारच्या काकूंनी दिलेलं.

फिल्म तयार झाली. मुलं लॅपटॉप घेऊन दाखवायला आली. सगळं पिवळट-तपकिरी. निळा परकर काळपट, अंजिरी मातकट, पांढरा चहात बुडवल्यासारखा. ‘सर, थोडा मातीचा फील दिलाय,’ मुलगा म्हणाला. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला ते बरंही वाटलं. कवितेसारखं वाटलं. अम्माने शेवटपर्यंत पाहिलं. मुलं गेल्यावर मला म्हणाली, ‘इतकी मळकी वाकळ दाखवली होय रे सगळ्यांना? लोक म्हणतील, ही बाई धूत नाही.’

मी म्हणालो, ‘अम्मा, तो त्यांचा रंग आहे, आपला नाही.’

‘मग सांग त्यांना, आपला लावा म्हणून.’

सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. मुलांना वाईट वाटेल, असं मनाला समजावलं. पुढे ती मुलं पांगली. कॅमेऱ्याची कार्डं पुसून पुन्हा वापरली गेली होती, मूळ चित्रण एका हार्ड डिस्कवर होतं आणि ती डिस्क बंद पडली. अम्मा 2017 साली गेली. तिचं बोलतं-चालतं चित्रण म्हणून जगात आता तेवढंच आहे, त्या तपकिरी फिल्ममधलं सहा-सात मिनिटांचं. आणि मला जाणवायला लागलं की अम्मा आठवली की अंगण पिवळंच आठवतं. आमच्या अंगणाच्या भिंतीला नीळ घातलेला चुना असायचा. तो निळसर पांढरा मला डोळे मिटून आणता येईना. तंबूतल्या गुलाबी आभाळासारखंच झालं हे. फरक एवढाच की हे आभाळ माझ्या घरावरचं होतं.

दोन वर्षांपूर्वी ओळखीतून पुण्यातल्या एका कलरिस्ट मुलीकडे गेलो. तिने पहिला प्रश्न विचारला, ‘काका, ओरिजिनल कुठंय?’ नाही म्हटल्यावर तिने फाइल उघडून मला वर्तुळ दाखवलं. सगळे ठिपके पिवळ्या-नारिंगी बाजूला दाटीवाटीने बसलेले. निळ्याची बाजू जवळजवळ ओस. ती म्हणाली, ‘मूळ असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. आता अवघड आहे.’ साध्या व्हिडिओ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, चांगल्या कॅमेऱ्याच्या चित्रणात 1024 किंवा जास्त. एकदा रंग दाबला की शेजारशेजारच्या पायऱ्या एक होऊन जातात. मग उजळायला गेलं तरी त्या वेगळ्या होत नाहीत, नुसते पट्टे आणि डाग उमटतात. वाटलेल्या चटणीतून शेंगदाणे परत काढता येत नाहीत, हे तिने नव्हे, मी म्हटलं. ती हसली आणि म्हणाली, ‘पण वाकळ आहे का अजून?’

वाकळ होती. ट्रंकेत. पुढच्या खेपेला घेऊन गेलो.

तिने आधी ईदच्या कुर्त्याचा तुकडा शोधला. पडद्यावरही आणि हातातही. पांढरं काय आहे हे पक्कं झालं की बाकीच्यांना धडा मिळतो, म्हणाली. पडद्यावरच्या त्या तुकड्यातला पिवळा तिने इतका काढला की तो पांढरा झाला, आणि एका झटक्यात अंगणात हवा आल्यासारखं वाटलं. मग निळा. वाकळीवरचा निळाही या वर्षांत विटलेला. तेव्हा तिने मला विचारून शिवण थोडी उसवली. आत दुमडलेल्या कडेला रंग कोरा होता, गडद, दौतीतल्या शाईसारखा. तो बघून तिने पडद्यावरचा निळा ओढून आणला. जवळून पाहिलं तर त्यात दाणे दिसतात, पण निळा आहे.

अडलं ते चेहऱ्यापाशी. कापड पांढरं झालं तशी अम्मा राखाडी झाली. मुलीने चेहऱ्याभोवती एक लंबगोल आखला, संगणकाने तो चेहऱ्यामागून फिरवला, आणि आतला रंग वेगळा हाती घेतला. ठिपके त्वचेच्या रेघेवर आणून बसवले. मग मला म्हणाली, ‘रेघेवर आणलंय, पण किती गडद, ते तुम्ही सांगा. कशा दिसायच्या त्या?’

सावळी, म्हणालो. ‘सावळी म्हणजे?’ बी.ए. मराठी, चार कवितासंग्रह, आणि मला पुढे शब्द सुचेना. मी आपाला व्हिडिओ कॉल लावला, कारण आपा हुबेहूब अम्मासारखी. मोबाइलमध्ये आपा गुलाबी गोरीपान दिसली. फोन स्वतःच चेहरे उजळतो, काका, मुलगी म्हणाली, बंद करा तो. मग तिने मला हात पुढे करायला सांगितला. पडद्याजवळ, त्या मंद पांढऱ्या उजेडात, मनगट आतल्या बाजूने नाही, पालथं. माझा हात आणि अम्माचा गाल बराच वेळ शेजारी होते. ती गोळा फिरवत होती, थांबत होती, हाताकडे बघत होती.

अशी मोठी कामंही कुणाच्या तरी आठवणीच्या भरवशावरच होतात, हे मला नंतर कळलं. श्याम बेनेगल यांचा 1976चा ‘मंथन’ फिल्म हेरिटेज फाउंडेशनने नव्याने दुरुस्त केला आणि तो 2024 साली कानच्या महोत्सवात दाखवला गेला. त्या कामात मूळ छायाचित्रणकार गोविंद निहलानी स्वतः सहभागी होते. ज्याने तो रंग डोळ्यांनी पाहिला तो माणूस शेजारी असणं ही केवढी श्रीमंती. तिथे निदान मूळ निगेटिव्हही होतं.

आमची सहा-सात मिनिटं तयार झाली. घरी आणून आपाला दाखवली. ती आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘निळा इतका नव्हता रे. परकर धुऊन धुऊन किती उडाला होता, अम्माने वाकळीला घेतला तेव्हाच.’ मी म्हणालो, शिवणीच्या आत बघ, हाच आहे. ती म्हणाली, ‘शिवणीच्या आतलं कोण बघतं? मी घालत होते तो. मला विचारायचं होतं.’

पुढच्या महिन्यात पुण्याला जाणं आहे. आपालाही नेणार आहे.